लोखंडी नांगर, काळी वाळू आणि बेळगावचे लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, चित्रकलेची ओढ, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. आपल्याला सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथं कळलं आणि चित्रकला सुटली. यांत्रिक ड्रॉइंग मात्र हातात बसलं. पुढं व्हीजेटीआयमध्ये शिकवायची नोकरी केली. बढती डावलली गेली तशी तीही सोडली आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचं दुकान टाकलं. सायकली विकायच्या, लोकांना चालवायला शिकवायच्या, असा तो धंदा.

त्यातून कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर.

नांगराचे भाग ओतायचे म्हणजे आधी नमुना करायचा, पेटीत त्याच्याभोवती ओलसर वाळू ठोकायची, नमुना काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस सोडायचा. नुसती वाळू ठोकून साचा उभा राहत नाही. ती धरून ठेवायला चिकणमाती लागते; आजच्या ओतशाळांत त्यासाठी बेंटोनाईट वापरतात. वाळू मालाला चिकटू नये म्हणून कोळशाची पूडही घालतात. रस पडला की ही पूड जळते, तिचा वायू लोखंड आणि वाळू यांच्यामध्ये पडदा धरतो आणि माल साफ निघतो. पण धूर उठतो तोही त्याच पुडीचा. त्यात बेंझिन असतं, आणि बेंझिनमुळं कर्करोग होतो. साचा फोडताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, तो वेगळाच.

शेतकऱ्यांची भीती मात्र दुसरी होती. लोखंडाचा फाळ लागला की जमिनीत विष भिनतं आणि ती नासते, असं त्यांना वाटे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! आज हसू येतं. पण लाकडी नांगरावर ज्याचं पोट चाललंय तो सुखासुखी नवं अवजार रानात का घालील? लक्ष्मणराव थांबले नाहीत. नांगर शेतात चालू लागले तशी ती भीती ओसरली.

मग संकट आलं ते गावातूनच. नगराच्या वाढीसाठी बेळगावची कारखान्याची जागा सोडायला लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि सापांचा माळ तो! १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं स्टेशनलाही तेच नाव पडलं. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. नांगरामागून पंप आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

आज बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावात ओतकामावर हजारो घरं चालतात. जमीन नासायची जी शंका शेतकऱ्यांनी नांगरावर घेतली, ती खरं तर ओतशाळेच्या मागच्या ढिगावर घ्यायला हवी. पुन्हा पुन्हा तापून वाळू मरते, काळी पडते, आणि ती कुठंतरी टाकावीच लागते. तिच्यात जळकी कोळशाची पूड असते. गाभ्यासाठी रेझिन वापरलेलं असेल तर फिनॉलही असू शकतं. असा ढीग उघड्यावर पडला की पावसात ते झिरपून खाली उतरतं. मळीसारखे बांधणारे पदार्थ त्या मानानं सौम्य, पण दमट हवेत त्यांचे गाभे ओल धरतात, म्हणून मोल्डर कुरकुरतात. वापरलेली वाळू भाजून किंवा घासून पुन्हा कामात आणता येते. त्याला यंत्र लागतं, वीज लागते, आणि छोट्या ओतशाळेला ते एकटीला परवडत नाही. चार-सहा जणांनी मिळून बसवलं तर जमतं.