केनेडींच्या पाठीवर चार ऑपरेशन्स झाली, पण आराम पडला तो व्यायामाने

जॉन एफ. केनेडी म्हटलं की तरुण, हसतमुख अमेरिकन राष्ट्राध्यक्ष डोळ्यांसमोर येतो. पण कॅमेरे हटले की हाच नेता अनेकदा कुबड्या घेऊन चालायचा आणि कोटाच्या आत कमरेला घट्ट पट्टा बांधायचा. कंबरदुखीने त्यांची जवळपास अख्खी हयात पाठ सोडली नाही.

दुखणं आधीचं, युद्धाने वाढवलेलं

केनेडींचा जन्म १९१७ चा. कंबरदुखी कॉलेजच्या दिवसांतच सुरू झाली होती. १९४१ मध्ये याच कारणावरून लष्कराने त्यांना नाकारलं. मग वडिलांची ओळख वापरून ते नौदलात गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांच्या पीटी-१०९ या बोटीचे दोन तुकडे केले. भाजलेल्या सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातात धरून केनेडी काही तास पोहत राहिले आणि त्याला बेटावर नेलं. या प्रसंगानंतर कंबर आणखी बिघडली.

पहिलं ऑपरेशन: गादी सरकलीच नव्हती?

मणक्यांमधली गादी फुटून नसेवर दाबली की कळ पायात उतरते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ मध्ये ठळकपणे मांडलं होतं. त्यानंतर गादीची ऑपरेशन्स वाढली. जून १९४४ मध्ये बॉस्टनलाच केनेडींचं ऑपरेशन झालं. पण आत सरकलेली गादी स्पष्टपणे सापडली नाही, दिसला तो फक्त मऊ पडलेला, झिजलेला भाग. तो काढला, तरी दुखणं गेलं नाही.

कारण सोपं आहे. नस दबलेली असेल तर ती मोकळी केल्यावर पायाची कळ थांबते. नुसती कंबर दुखत असेल आणि नेमकं कारण सापडत नसेल, तर काय कापायचं हाच प्रश्न असतो.

जिवावर बेतलेलं दुसरं ऑपरेशन

१९४७ मध्ये केनेडींना ॲडिसन्सचा आजार असल्याचं निदान झालं. यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पुरेसे हार्मोन्स बनवत नाहीत. अशा रुग्णासाठी मोठं ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ. तरीही सिनेटर असलेल्या केनेडींनी ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कला धातूची पट्टी बसवून कमरेखालची हाडं जोडून घेतली. हाडांची हालचाल थांबली की दुखणं थांबेल, असा यामागचा विचार.

पुढे जंतुसंसर्ग झाला, केनेडी कोमात गेले आणि धर्मगुरूंनी अंतिम संस्काराचे विधीही केले. ते वाचले, पण जखम चिघळली. फेब्रुवारी १९५५ मध्ये तिसरं ऑपरेशन करून पट्टी काढावी लागली. अंथरुणावरच्या त्या काळात त्यांनी 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकाचं काम केलं. त्याला १९५७ मध्ये पुलित्झर मिळालं, आणि त्याच वर्षी पाठीतला पू काढायला चौथं ऑपरेशन झालं.

खुर्ची, इंजेक्शन्स आणि मग व्यायाम

१९५५ मध्ये केनेडी डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्याकडे गेले. त्यांनी आखडलेल्या स्नायूंत बधिरतेची इंजेक्शन्स दिली, डाव्या बुटाची टाच उंच करून घेतली आणि रॉकिंग चेअर वापरायला सांगितलं. केनेडींची प्रसिद्ध खुर्ची ती हीच. पुढे ट्रॅव्हेल व्हाइट हाउसच्या पहिल्या महिला डॉक्टर झाल्या.

मे १९६१ मध्ये कॅनडातल्या ओटावात झाड लावताना केनेडींच्या कमरेत पुन्हा उसण भरली. कुबड्या परत आल्या, इंजेक्शन्स वाढली. पण इंजेक्शनने वेदना दबते, स्नायू मजबूत होत नाहीत. त्याच वर्षी डॉ. हान्स क्राउस यांना बोलावलं गेलं. स्वतः गिर्यारोहक असलेल्या क्राउस यांनी केनेडींचे पोटाचे आणि पाठीचे कमजोर स्नायू तपासले आणि आठवड्यातून अनेकदा व्यायाम सुरू केला. काही महिन्यांत फरक दिसू लागला. चार ऑपरेशन्सनी जे झालं नाही, ते रोजच्या कष्टांनी होऊ लागलं.

कमरेचा पट्टा मात्र सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्येही तो बांधलेला होता. पहिली गोळी लागल्यावर या पट्ट्यामुळेच ते खाली वाकू शकले नाहीत, असं काही डॉक्टरांचं मत आहे. ते सिद्ध करता येत नाही.

आज डॉक्टर काय सांगतात?

बहुतेक कंबरदुखीत आधी हालचाल चालू ठेवणं, व्यायाम, फिजिओथेरपी आणि गरजेपुरती औषधं. ऑपरेशनचा विचार होतो तो नस दबल्याचं तपासणीत दिसत असेल आणि काही आठवड्यांच्या उपचारांनीही पायाची कळ थांबत नसेल तेव्हा. पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल किंवा जांघेचा भाग बधिर झाला असेल, तर मात्र थांबू नये, तातडीने हॉस्पिटल गाठावं.