प्रथिनांचा आलेख रेखाटणारे शास्त्रज्ञ

डॉ. गोपालसमुद्रम नारायणन रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. बंगळूरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधनाचे धडे घेतले. पुढे मद्रास विद्यापीठात गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी कोलॅजेन या प्रथिनाची वेणीसारखी तीनपदरी रचना १९५४-५५ मध्ये मांडली. त्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, असा आक्षेप परदेशी शास्त्रज्ञांनी घेतला. मूळ तीनपदरी कल्पना टिकली. परंतु रामचंद्रन तेवढ्यावर थांबले नाहीत. अणू परस्परांच्या किती जवळ येऊ शकतात, याचा त्यांनी सहकाऱ्यांसह कसून हिशेब केला. त्यातूनच १९६३ मध्ये ‘रामचंद्रन आलेख’ सिद्ध झाला.

दुधात लिंबू पिळताच ते फाटते, कारण आम्लतेमुळे प्रथिनांवरील विद्युतभार बदलतो. असे बदल आज संगणकावर प्रथिनांच्या आभासी प्रतिकृती घडवून अभ्यासले जातात आणि त्या प्रतिकृतींची पारख करताना हाच आलेख उपयोगी पडतो.

७ एप्रिल २००१ रोजी रामचंद्रन निवर्तले. एका आक्षेपाच्या निमित्ताने केलेला त्यांचा हिशेब साऱ्या जगाची मोजपट्टी ठरला.