घाटातला प्रतिस्पर्धी : फाउस्तो कोप्पी

सायकलची शर्यत म्हटली की ज्याच्या पायांत जोर अधिक तो जिंकणार, असे आपण धरून चालतो. माझाही समज बरेच दिवस तसाच होता. फाउस्तो कोप्पी या इटालियन सायकलपटूचे चरित्र वाचले आणि तो पार बदलला. घाटातली शर्यत निम्मी पायांची असते; उरलेली निम्मी बुद्धिबळाची.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी उत्तर इटलीतील कास्तेल्लानिया या डोंगराळ खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणात मन रमेना म्हणून तो जवळच्या नोव्ही लिगुरे गावी खाटकाच्या दुकानात कामाला लागला आणि सायकलवरून घरोघरी माल पोचवू लागला. त्याच गावात बियाजो काव्हान्ना नावाचा आंधळा मालिशवाला राहत असे. नुसत्या हाताच्या स्पर्शाने खेळाडूचा कस ओळखणाऱ्या या माणसाने कोप्पीला घडवले. कोप्पी अंगाने काटकुळा, पाय लांबच लांब. जमिनीवर चालताना बेढब दिसणारा हा तरुण सायकलवर बसला की वेगळाच भासे.

१९४० साली लेन्यानो संघाने त्याला घेतले ते जिनो बार्तालीचा मदतनीस म्हणून. मदतनिसाने नायकाला वाऱ्याचा आडोसा द्यायचा, पाणी आणून द्यायचे, वेळ पडल्यास आपली सायकलही त्याच्या हवाली करायची. बार्ताली पाच वर्षांनी मोठा आणि १९३८ ची टूर द फ्रान्स जिंकलेला. पण त्या वर्षीच्या जिरो दितालियात दुसऱ्याच टप्प्याला बार्तालीच्या वाटेत कुत्रे आले आणि तो पडून जखमी झाला. पुढे आबेतोनेच्या घाटातून कोप्पी एकटा निसटला आणि विसाव्या वर्षी जिरो जिंकला. ९ जूनला शर्यत संपली, १० जूनला इटली महायुद्धात उतरली. १९४३ साली कोप्पी ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला.

युद्धानंतर दोघे वेगळ्या संघांत गेले आणि इटलीत दोन तट पडले. बार्ताली श्रद्धाळू कॅथलिक, जुन्या वळणाचा. कोप्पी नव्या युगाचा. मागचा चढावरच्या हालचाली न्याहाळत असे, पुढच्याने फेकलेल्या बाटलीत काय होते याचा शोध घेत असे. औषधे कोप्पी घेत असे आणि ते त्याने लपवलेही नाही. त्या काळी त्यांना बंदी नव्हती, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

आता घाटातला डाव. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात. चढावर वेग कमी, म्हणून आडोशाचा लाभही कमी. खरा कस तिथेच लागतो. पण जो आधी निसटायला बघतो तो आधी दमतो, आणि मागचा त्याच्या चाकाला चिकटून राहिला तर सगळा खटाटोप शत्रूच्या कामी येतो. म्हणून दोघेही दुसऱ्याची वाट पाहतात. १९४८ साली हॉलंडमधील व्हाल्केनबुर्ख येथे जागतिक स्पर्धेत याचा कळस झाला. दोघे एकाच इटलीसाठी उतरलेले, पण एकमेकांवर डोळा ठेवण्यात इतके गुंतले की बाकीचे पुढे निघून गेले आणि या दोघांनी शर्यतच सोडली. मायदेशी दोघांवर काही काळ बंदी आली. ती योग्यच होती, असे मला वाटते.

पुढच्याच वर्षी, १० जून १९४९ रोजी, जिरोचा कुनेओ ते पिनेरोलो हा २५४ किलोमीटरचा टप्पा होता. वाटेत आल्प्सचे पाच घाट. पहिल्याच घाटावर कोप्पी सुटला. मुक्काम १९२ किलोमीटर दूर असताना असे सुटणे म्हणजे वेडेपणाच. बार्ताली मागोमाग एकटाच झुंजत राहिला, पण मुक्कामी त्याला ११ मिनिटे ५२ सेकंद उशीर झाला. वाट पाहण्याचा खेळच कोप्पीने त्या दिवशी मोडून टाकला होता.

त्याच उन्हाळ्यात टूरला दोघांना पुन्हा एकाच संघात राहायचे होते. व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदाने कसाबसा तह घडवून आणला. सुरुवातीला सां-मालोच्या टप्प्यात कोप्पी पडला, सायकल मोडली, तो सुमारे ३७ मिनिटे मागे गेला आणि घरी परतायला निघाला. बिंदाने त्याला थोपवले. १८ जुलैला, बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, इझोआरच्या घाटातून दोघे बरोबरच पुढे गेले आणि ब्रियांसाँला कोप्पीने त्याला जिंकू दिले. दुसऱ्या दिवशी बार्तालीचे चाक पंक्चर झाले, मग तो पडला. कोप्पी थांबला होता. बिंदाने पुढे जाण्याची मुभा दिली तेव्हा निघाला. टूर कोप्पीची झाली, दुसरा बार्ताली. एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकणारा कोप्पी पहिला.

१९५१ साली धाकटा भाऊ सेर्से शर्यतीत पडून वारला, तेव्हा कोप्पी खचला. तरी १९५२ ची टूर त्याने जिंकली. गालिबिएच्या घाटातले त्या वर्षीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात दोघांच्या हातात एकच बाटली आहे. पाणी कोणी कोणाला दिले, यावर इटलीत पुढे कितीतरी वर्षे वाद चालला.

१९५३ च्या जिरोत स्वित्झर्लंडचा ह्युगो कोब्लेट दोन मिनिटांनी पुढे होता. स्टेल्व्हिओचा २७५८ मीटर उंचीचा घाट त्या वर्षी प्रथमच शर्यतीत आला. तिथे देफिलिप्पिस नावाचा तरुण आधी निसटला; कोप्पीच्याच सांगण्यावरून, असे म्हणतात. कोब्लेट त्याच्यामागे धावून दमला. मग कोप्पी उठला. पाचवा जिरो त्याच्या पदरात पडला.

उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. एका विवाहित स्त्रीशी असलेल्या संबंधांमुळे दोघांवर खटला झाला. तो शर्यतीत उतरत राहिला, पण मागे पडू लागला. १९५९ च्या डिसेंबरात तो पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा येथे शर्यत आणि शिकारीसाठी गेला आणि हिवताप घेऊन परतला. सोबतच्या जेमिनियानीचे निदान फ्रान्समध्ये वेळेत झाले, तो वाचला. कोप्पीच्या डॉक्टरांना मात्र आजार ओळखता आला नाही. २ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तोर्तोना येथे तो मरण पावला. त्या हंगामात तो सान पेलेग्रिनो या नव्या संघातून उतरणार होता. त्या संघाचा व्यवस्थापक होता जिनो बार्ताली.