लेव्ह लांडाऊ

थोर सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ यांचा जन्म १९०८ साली बाकू येथे झाला. वयाच्या १४ व्या वर्षीच ते विद्यापीठात दाखल झाले. १९३८ मध्ये राजकीय आरोपावरून त्यांना अटक झाली. वर्षभराने ज्येष्ठ शास्त्रज्ञ कापित्सा यांनी हमी देऊन त्यांना सोडविले.

अतिथंड द्रव हेलियम घर्षणाशिवाय वाहते, हे कोडे लांडाऊंनी १९४१ मध्ये पुंज सिद्धांताच्या आधारे उलगडले. एकमेकांवर परिणाम करणाऱ्या असंख्य अणूंचा एकेक हिशेब न मांडता त्यांनी साऱ्या द्रवाच्या सामूहिक हालचालींचा विचार केला. १९६२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रांनो, त्यांचे शिष्य होण्यासाठीची कठीण परीक्षा १९६१ पर्यंत अवघे ४३ जण उत्तीर्ण झाले. तिची सुरुवात गणितापासून होई. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.