‘शीळ’वाले जोशी आणि मांडीवरची गिटार

हॉस्टेलच्या खोलीत गिटार काढली की तुम्ही आधी कॉर्ड धरता, बरोबर? आता ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐका. हीच गिटार तिथे चक्क मींड घेते. १९६७ सालची ही एलपी, आणि तिचा निर्माता आपल्या नागपुरात कायदा शिकलेला!

गोविंद नारायण जोशी, जन्म १९०९चा. डिग्री वकिलीची, पण गळा काही गप्प बसेना. मेहकरच्या ना. घ. देशपांडेंच्या ‘शीळ’ला त्यांनी चाल लावली, स्वतःच गायली, आणि ती रेकॉर्ड घरोघरी वाजली. मराठी भावगीत तिथूनच सुरू झालं असं मानतात. पुढे वकिली सुटली, नि एचएमव्हीत ते दुसऱ्यांचं गाणं रेकॉर्ड करू लागले. स्वतःचं नाव झालेलं असताना काचेपलीकडे बसायचं, सोपं नाही हं!

या एलपीत काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस आहे. अहीर भैरवाने उजाडतं, पहाडीवर संपतं. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. तिघेही तिशीच्या आसपासचे. तबल्यावर माणिकराव पोपटकर. तेव्हा गिटार म्हणजे सिनेमाच्या गाण्यातलं वाद्य, आणि संतूरवर मींड कुठली, म्हणून नाकं मुरडणारेही होतेच. काब्रा गिटार आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी सरकवत, त्यामुळे पडद्यांचा अडसरच उरत नसे. संतूरचा सूर ठिपक्याठिपक्यांनी येतो, गिटारचा सलग वाहतो. नावाजलेल्या उस्तादांऐवजी जोशींनी या पोरांवर डाव लावला.

हेडफोन लावा, पिलूपासून सुरू करा.