महायुद्धाच्या काळात बाबासाहेब सभागृहात काय करत होते?

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या मोबाइलवर एक पोस्ट हमखास येते. बाबासाहेबांनी १९४२ साली एका फटक्यात कामगारांचे कामाचे तास चौदावरून आठ केले, असे त्यात लिहिलेले असते. खरे सांगायचे तर आम्हीही ती कधीकाळी पुढे पाठवली आहे. पण खरा इतिहास त्या पोस्टपेक्षा लांबलचक आणि कष्टाचा आहे. चळवळीत काम करणाऱ्या तरुणांना त्यातून शिकण्यासारखेही जास्त आहे. तोच आज थोडक्यात मांडतो.

महाडचे चवदार तळे, गोलमेज परिषद, संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा हे बाबासाहेबांच्या आयुष्याचे टप्पे आपल्या लहान मुलांनाही पाठ असतात. जुलै १९४२ ते १९४६ चा मध्य ही चार वर्षे मात्र आपण एका ओळीत उरकतो. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, म्हणजे आजच्या भाषेत कामगारमंत्री. जगभर महायुद्ध पेटलेले असताना ते दिल्लीच्या गोल इमारतीत, मध्यवर्ती कायदेमंडळात बसून प्रश्नांना उत्तरे देत होते, विधेयके मांडत होते आणि त्यांतली कलमे एकेक करून मंजूर करून घेत होते.

या खुर्चीपर्यंत ते आले ते कामगार वस्तीतून. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांनी वीसेक वर्षे काढली. आजूबाजूला गिरण्यांचे भोंगे, दोन खोल्यांत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, आणि गिरणीतही अस्पृश्य कामगाराला अधिक पगाराच्या विणकाम खात्याचा दरवाजा बंद. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा ते डाव्या कामगार पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. रस्त्यावरची लढाई आणि सभागृहातली लढाई या दोन्ही वाटा त्यांना ठाऊक होत्या.

नियुक्तीची घोषणा जुलै १९४२ च्या सुरुवातीला झाली. त्याच महिन्यात १८ ते २० तारखांना नागपुरात मोठी परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि महिलांचीही स्वतंत्र परिषद झाली. तिथून बाबासाहेब दिल्लीला गेले. पुढच्याच महिन्यात भारत छोडो आंदोलन सुरू झाले आणि देश ढवळून निघाला. इंग्रजांच्या मंत्रिमंडळात बसल्याबद्दल त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. नाझी आणि फॅसिस्ट जिंकले तर जगातल्या कोणत्याही मजुराला आणि दुबळ्याला न्याय मिळणार नाही, असे ते मानत. शिवाय अस्पृश्य समाजातला माणूस देशाच्या कार्यकारी मंडळात बसण्याची ही पहिलीच वेळ होती. ती खुर्ची रिकामी ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते.

ते सभागृह कसे होते, हेही पाहू. त्याची निवडणूक १९३४ साली झाली होती. युद्धामुळे मुदत वाढवत वाढवत तेच सभागृह १९४५ पर्यंत चालले. काँग्रेसचे बरेच सदस्य बराच काळ बाहेर किंवा तुरुंगात होते. मतदानाचा हक्क फार थोड्यांना होता आणि कार्यकारी मंडळ सभागृहाला नव्हे, तर व्हाइसरॉयला जबाबदार होते. म्हणजे लोकशाही म्हणून पाहिले तर ते अपुरे, लंगडे सभागृह होते. तरीही युद्ध चालू असताना तिथे प्रश्नोत्तराचा तास होत होता, स्थगन प्रस्ताव येत होते आणि सरकारला उत्तर द्यावे लागत होते.

मजूर खाते नावाला मजुरांचे होते. खाणी, सरकारी बांधकामे, सरकारी छापखाने, पाटबंधारे आणि वीज हे सगळे त्याच खात्यात होते. त्यामुळे बाबासाहेबांपुढे येणारे प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातले असत. समोर ना. म. जोशी यांच्यासारखे जुने कामगार पुढारी बसलेले असत. मुंबईत लोअर परळला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे तेच हे जोशी. मजुरांचे प्रतिनिधी म्हणून ते सरकारला बारीकसारीक जाब विचारत. एका बाजूला मजुरांचा प्रतिनिधी आणि दुसऱ्या बाजूला मजुरांमधूनच वर आलेला मंत्री, असा हा सामना असे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जुलै १९४३ मध्ये बाबासाहेबांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. मूळ कायदा १९४१ चा होता. प्रसूतीआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे भत्ता, अशी त्यात तरतूद होती. पण शब्दरचनेत संदिग्धता राहिली होती आणि खाणमालकाच्या वकिलाला तेवढी फट पुरते. ती फट बुजवण्यासाठी हे छोटेसे विधेयक होते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येण्यासारखे त्यात काही नव्हते. पण झरियाच्या खाणीत पोटुशी असताना काम करणाऱ्या बाईसाठी त्या चार ओळी म्हणजे चार आठवड्यांचे अन्न होते.

त्याच वर्षी युद्धातील इजांबाबतच्या भरपाई विम्याचे विधेयक आले. बॉम्बहल्ल्यात किंवा शत्रूच्या कारवाईत कामगार जखमी झाला किंवा मेला, तर मालकाने भरपाई द्यायची आणि त्यासाठी विमा उतरवायचा, असे त्याचे स्वरूप होते. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला. त्यामागेही कार्यकारी मंडळात बसून बाबासाहेबांनी केलेला लेखी पाठपुरावा होता.

याच काळात त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण प्रसंग आला. तो आम्ही झाकून ठेवणार नाही. स्त्रियांना जमिनीखाली खाणीत कामाला लावण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. ती मिळवायला कामगार चळवळीची अनेक वर्षे खर्ची पडली होती. १९४३ मध्ये कोळशाची भीषण टंचाई झाली. खाणमजूर जास्त मजुरी देणाऱ्या लष्करी बांधकामांकडे निघून गेले होते. कोळसा नाही म्हणजे रेल्वे नाही, कारखाने नाहीत, आणि बंगालमध्ये तर लोक दुष्काळाने मरत होते. सरकारने ती बंदी उठवली, आणि हा निर्णय होता बाबासाहेबांच्याच खात्याचा.

डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबाद-झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले, खाणीत उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये सभागृहात याच विषयावर स्थगन प्रस्ताव आला आणि सदस्यांनी सरकारला धारेवर धरले. बाबासाहेबांना उभे राहून उत्तर द्यावे लागले. बंदी उठवणे चांगले आहे, असा त्यांचा दावा नव्हता. हा नाइलाजाचा आणि तात्पुरता उपाय आहे, असे त्यांनी सांगितले. त्याचबरोबर खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, ही अट सरकारने घातल्याचे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. १९४५ मध्ये प्रसूती भत्त्याचा कायदा पुन्हा दुरुस्त झाला आणि जमिनीखाली काम करणाऱ्या स्त्रियांना अधिक संरक्षण मिळाले. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

हा निर्णय बरोबर होता का? आमच्यातही यावर एकमत नाही. ज्या बायका त्या अडीच वर्षांत खाली उतरल्या, त्यांच्यासाठी तात्पुरता हा शब्द हलका नव्हता. पण दोन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. निर्णय घेणारा मंत्री सभागृहापासून पळाला नाही. आणि नाइलाजाने दिलेल्या सवलतीलाही त्याने समान मजुरीची अट बांधली. पुढे संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत समान कामाला समान वेतन आणि प्रसूती साहाय्य ही दोन्ही तत्त्वे आली. ती वाचताना त्यामागची कोळशाची धूळही आठवावी.

आता कामाच्या तासांकडे येऊ. १९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यांत दिवसाला जास्तीत जास्त १० आणि आठवड्याला ५४ तास काम घेता येई. ऑगस्ट १९४२ पासून बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि मजूर यांची त्रिपक्षीय परिषद भरवायला सुरुवात केली. प्रश्न तिथे चर्चेला येत, समित्यांत घासले जात आणि मग सभागृहात जात. १९४५ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला. आठवड्याला ४८ आणि दिवसाला जास्तीत जास्त ९ तास ही मर्यादा १९४६ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे एका दिवसात तास कमी झाले नाहीत. चार वर्षे बैठका, मसुदे, हरकती आणि तडजोडी चालल्या, तेव्हा कुठे आठवड्याचे सहा तास सुटले.

सगळेच प्रयत्न यशस्वी झाले असेही नाही. प्रातिनिधिक कामगार संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, अशी तरतूद असलेले विधेयक त्यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये मांडले. ते रेंगाळले, बदलले, १९४७ मध्ये मंजूर झाले आणि तरीही कधी अमलात आले नाही. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. ते १९४८ मध्ये कायदा झाले, तेव्हा मजूर खाते जगजीवन राम यांच्याकडे होते. आरोग्य विम्यावरचा बी. पी. अदारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. आज आपल्या वस्तीतला कामगार ज्या ईएसआय दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो, त्याची सुरुवात तिथे आहे. पेरले एकाने, कापणीला हजर दुसरे होते. बाबासाहेबांनी त्याची वाट पाहत काम थांबवले नाही.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या काळात संसदेचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला. त्याच अधिवेशनात तीन कामगार संहिता मंजूर झाल्या आणि राज्यसभेत त्या वेळी विरोधी पक्ष बहिष्कार टाकून बाहेर होते. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याचे विधेयकही बाबासाहेबांनीच मांडले होते. कामावर घेण्याच्या, काढण्याच्या, रजेच्या अटी लेखी हव्यात, हा त्याचा गाभा. तो १०० कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होत असे. नव्या संहितेत हा आकडा ३०० झाला. किती जणांनी या बदलावर मोर्चा काढला? पुतळ्याची विटंबना झाली की आपण रात्रीत रस्त्यावर येतो, आणि यायलाच हवे. पण कलमातला एक आकडा बदलला की लाखो घरांतली चूल हलते, आणि आपल्याला कळतही नाही.

महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात ही चार वर्षे छापलेली आहेत. खंड जाडजूड आहे आणि बराचसा कंटाळवाणाही आहे. प्रश्न, उत्तर, पुरवणी प्रश्न, कलम, उपकलम. आमची विनंती आहे की आपल्या विहारात, अभ्यासवर्गात तो एकदा उघडावा. दर रविवारी पाच पाने वाचली तरी चालतील. आणि त्याच बैठकीत विधानसभेत किंवा लोकसभेत आलेले एखादे चालू विधेयक कलमवार वाचावे, आपल्या आमदार-खासदाराला त्यावर प्रश्न विचारायला लावावे.

मोर्चाने दार उघडते. आत गेल्यावर बसून काम करावे लागते, आणि बाबासाहेब चार वर्षे ते करत होते.

जय भीम! नमो बुद्धाय!