प्रेषितांच्या गुपिताचे अमानतदार

वाचकहो, सोयरिकीच्या चौकशीसाठी अकोल्याचे एखादे कुटुंब अमरावतीला येते आणि मुलाविषयी तुम्हाला विचारते. शेजारी या नात्याने तुम्हाला पुष्कळ ठाऊक असते. किती सांगावे, किती पोटात ठेवावे? अशा वेळी ह. हुजैफा बिन यमान (रजि.) यांचे चरित्र डोळ्यांपुढे आणा.

उहुदच्या रणधुमाळीत त्यांचे वृद्ध वडील मुस्लिमांच्याच हातून, ओळख न पटल्याने, मारले गेले. हुजैफांनी मारणाऱ्यांसाठी अल्लाहकडे क्षमा मागितली व मिळणारी दियत दान केली. हिजरी 5 मध्ये खंदकाच्या वेढ्यात, थंडीवाऱ्याच्या रात्री, प्रेषितांनी (स.) त्यांना शत्रूच्या तळावर बातमी काढण्यास धाडले. शेकोटीपाशी पाठ शेकणारा अबू सुफयान बाणाच्या टप्प्यात होता. बाण धनुष्याला लागलाही होता. परंतु शत्रूला न छेडण्याची आज्ञा आठवली आणि हुजैफा केवळ बातमी घेऊन परतले.

हिजरी 9 मध्ये तबूकहून परतताना काही मुनाफिकांनी घाटात प्रेषितांवर (स.) घाला घालण्याचा कट केला. त्यांची नावे प्रेषितांनी (स.) हुजैफांना विश्वासाने सांगितली. पुढे खलिफा ह. उमर (रजि.) यांनी आपल्या अधिकाऱ्यांत असा कोणी आहे काय, असे विचारले. एक आहे, एवढेच उत्तर मिळाले. नाव मिळाले नाही. खलिफांनाही नाही! मात्र गुपित राखण्यासाठी हुजैफांनी खोटी साक्ष दिली नाही. ज्या जनाज्याच्या नमाजला ते जात नसत, तेथे ह. उमरही (रजि.) जात नसत.

हाच मौनी मनुष्य एकदा मात्र गप्प बसला नाही. आर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेत सीरिया व इराकचे सैनिक कुरआनपठणावरून भांडताना दिसले. हुजैफांनी थेट मदीना गाठून खलिफा ह. उस्मान (रजि.) यांच्या कानी ते घातले. ह. हफ्सा (रजि.) यांच्याकडील मूळ पृष्ठांवरून प्रती लिहवून त्या प्रांतोप्रांती पाठवल्या गेल्या, त्या यामुळेच.

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. नावे ही सोपवलेली ठेव होती. पठणातला वाद झाकला असता तर साऱ्या उम्मतची हानी होती. दारी आलेल्या त्या कुटुंबालाही मुलीच्या संसाराशी निगडित असेल तेवढे खरे सांगणे तुमच्यावर आहे. मुलाच्या बहिणीची जुनी कहाणी त्यांनी विचारलेली नसते.

ह. उमर (रजि.) यांनी हुजैफांना मदाइनचे अधिकारी नेमले होते. हिजरी 36 मध्ये, म्हणजे इ.स. 656 मध्ये, तेथेच त्यांचे निधन झाले.